पलंगाखालचा वाघ्या

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आम्ही मुरारजी पेठेत राहतो. घरात आत्या-मामा, आम्ही दोघं आणि सात वर्षांचा मुलगा. मामांनी सांगोल्याच्या पाहुण्यांकडून कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं, तो आमचा वाघ्या. आता अकरा महिन्यांचा आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, शोभेच्या दारूकामाच्या रात्री, तो घाबरून पलंगाखाली घुसला. मामांनी पाय धरून बाहेर ओढला तेव्हा पहिल्यांदा गुरगुरला. मग गुरगुरला की चपलेचा मार, असं सुरू झालं. दोन महिन्यांत गुरगुरणं थांबलं. आम्हाला वाटलं, सुधारला. गेल्या रविवारी मुलगा पलंगाखालचा चेंडू काढायला वाकला आणि वाघ्याने आवाजही न करता त्याच्या मनगटाला दात लावले. थोडं रक्त आलं, आत्यांनी हळद दाबली. मामा म्हणतात, मोहोळच्या शेतावर नेऊन बांधा. मुलगा तर जेवत नाही. काय करू?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला होता, कारण आधी मनगट, मग वाघ्या. लेकराला सिव्हिलमध्ये नेलंत, रेबीजची लस सुरू झाली, हे ऐकून जिवात जीव आला. इतर वाचकांसाठी पुन्हा सांगतो. घरचंच कुत्रं, लस दिलेलं, जखम एवढीशी, यातल्या कशावरही विसंबू नका. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, पंधरा मिनिटं फार मोठी वाटतात. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही लागतं. पुढच्या तारखा डॉक्टर देतील, त्यातली एकही चुकवू नका. कुत्र्यावर दहा दिवस नीट लक्ष ठेवायचं.

आता वाघ्या. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं : ‘गुरगुरणं थांबलं, आम्हाला वाटलं, सुधारला.’ ताई, तो सुधारला नव्हता, गप्प झाला होता. ‘जवळ येऊ नका, मला भीती वाटते’ हे कुत्रं गुरगुरून सांगत असतं. त्या आवाजाला चप्पल बसली. भीती होती तिथेच राहिली, फक्त इशारा गेला. हा दोष मामांना देऊ नका, कारण अशीच चूक मी केली आहे. प्रॅक्टिस नवी होती तेव्हा अक्कलकोट रोडच्या एका गृहस्थांना मीच सांगितलं होतं, गुरगुरला की वर्तमानपत्राची गुंडाळी मारा. पुढे त्या कुत्र्याने काही न सांगता घरातल्या आजीचा हात फोडला. त्या माउलीला टाके पडताना मी बाहेर उभा होतो. तेव्हापासून गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारा असं मी कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणून आजपासून चप्पल बंद. पलंगाखालची जागा वाघ्याची. तिथे कुणी वाकायचं नाही, झाडू घालायचा नाही, चेंडू गेला तर वाघ्या बाहेर पडेपर्यंत थांबायचं. मुलगा आणि वाघ्या एका खोलीत असतील तेव्हा मोठं माणूस तिथेच हवं. स्वयंपाकघरातून लक्ष ठेवलेलं चालणार नाही. तेवढं जमत नसेल तेव्हा मध्ये दार किंवा जाळी असू द्या.

मग हे करा, आणि ते मामांनीच करावं असं मला वाटतं, कारण वाघ्याला सगळ्यात जास्त धास्ती त्यांची आहे. मीठ-मसाला, कांदा-लसूण न घालता उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे करायचे. वाघ्या पलंगाखाली असताना चार-पाच हातांवरून, न वाकता, न बघता, चालता चालता एक तुकडा तिकडे टाकायचा आणि पुढे निघून जायचं. दिवसातून आठ-दहा वेळा. थांबायचं नाही, ‘ये बाळा’ म्हणायचं नाही. त्याचं अंग ताठ झालं, डोळ्याचा पांढरा भाग दिसला, तोंड मिटून तो थिजला, तर तुम्ही फार जवळ गेलात. दोन हात मागे सरा. काही दिवसांनी मामांची पावलं वाजली की तो नाक बाहेर काढून वाट बघू लागेल. मग तुकडा थोडा आणखी जवळून टाकायचा. तोंडातली वस्तू काढायची असेल तेव्हाही ओढाओढ नको. तुकडा लांब टाका, तो तिकडे गेला की वस्तू उचला. मुलाने यातलं काहीही करायचं नाही.

या आठवड्यात त्याला दवाखान्यात न्या. कानात गोचीड आहेत का, कुठे दुखतंय का, ते बघून घ्या. दुखणाऱ्या जनावराला हात लावला तर ते चावू शकतं. नसबंदीने शांत होईल का, असं तुमच्या यजमानांनी फोनवर विचारलं होतं. हिंडणं कमी होईल, पण ही भीती तिने जात नाही. त्याऐवजी पळू द्या. कारवानी ही पळायची जात आहे आणि परक्याचा हात तिला मुळातच आवडत नाही. सोलापूरचा उन्हाळा बघता सकाळी सहाच्या आत, लांब दोरीवर, मोकळ्या मैदानात. हळूहळू जाळीचं मुसकंही सवयीचं करा, आतून चिकन देत देत, म्हणजे पाहुणे आले की उपयोगी पडेल.

मोहोळचं म्हणाल तर माझं मन तयार होत नाही. साखळीला दिवसभर बांधलेला घाबरट कुत्रा आणखी तापट होतो, आणि शेतावर सालगड्याचीही लेकरं असतात. तरीही हे सगळं मनापासून करून तो पुन्हा चावला, दात खोल रुतले, तर मला लगेच कळवा. मग लहान मूल नसलेलं, सगळं ऐकून-समजून त्याला घेणारं घर आपण मिळून शोधू. चावल्याचं लपवून त्याला कुणाच्या गळ्यात मारायचं नाही.

मुलाला जेवायला बसवा आणि सांगा, वाघ्या त्याच्यावर रागावलेला नाही. त्याच्यासाठीही एक काम आहे : वहीत रोज लिहायचं, आज वाघ्या आपणहून किती वेळा पलंगाखालून बाहेर आला. महिन्याने ती वही मला दाखवायला या.