हीट पंप गीझर घेताय? आधी जागा बघा

चार माणसांच्या घराला 200 लिटरची टाकी पुरते. एवढं पाणी 25 अंशांवरून 55 वर न्यायला साधारण 7 युनिट उष्णता लागते. साधा गीझर तेवढीच वीज खातो. हीट पंप उष्णता हवेतून ओढतो, म्हणून सव्वादोन ते अडीच युनिटांत काम होतं. पण हे सगळं हवा खेळती असेल तरच! बंद माळ्यावर किंवा बाथरूममध्ये बसवलात तर स्वतःच सोडलेली गार हवा तो पुन्हा आत घेतो आणि वीजबचत घसरते. गच्ची किंवा मोकळी ड्राय बाल्कनी उत्तम. गार कॉइलवरून ठिबकणाऱ्या पाण्यासाठी उताराचा पाइप हवाच.

हा गीझर झटपट नाही, टाकी तापायला तीन-चार तास लागतात. टायमर दुपारी 12 ते 4 ठेवा: हवा उबदार असते, गच्चीवर सोलर पॅनेल असतील तर वीजही घरचीच. बिल कमी झालं नाही, तर बहुतेक वेळा आतलं जोडीचं विजेचं कॉइल (साध्या गीझरसारखं) सतत चालू राहिलेलं असतं, ते आधी तपासा. पाणी 55 वरच ठेवा. जंतू मरावेत म्हणून आठवड्यातून एकदा 60 च्या वर न्या.

बोअरचं जड पाणी असेल तर टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड (टाकीऐवजी स्वतः झिजणारा) दरवर्षी उघडून बघा. तो झिजून संपला की गंज थेट टाकीला लागतो. गरम पाण्याच्या पाइपला इन्सुलेशन घालायला विसरू नका. आणि वाहतुकीत यंत्र आडवं झालं असेल, तर उभं करून काही तास थांबा, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरू द्या, मगच बटण दाबा.