वाचकांचे प्रश्न : मॅन पेज असूनही सापडत नाही तेव्हा

(या सदरात कमांड, फाइली आणि डिरेक्टरींची नावे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहावीत. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि कॉन्फिगरेशनमधील निर्देश मात्र मोठ्या अक्षरांत लिहावेत.)

प्रश्न : मी लिनक्सवर एक प्रोग्रॅम सोर्सपासून कंपाइल करून '/ऑप्ट/टूल' या डिरेक्टरीत बसवला आणि '/यूएसआर/लोकल/बिन'मध्ये त्याची सिम्बॉलिक लिंक (मूळ फाइलकडे नेणारी नोंद) केली. प्रोग्रॅम चालतो, पण त्याचे मॅन पेज ('मॅन' या कमांडने वाचायचे माहितीचे पान) उघडत नाही. म्हणून मी शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या '.बॅशआरसी' फाइलमध्ये 'मॅनपाथ' या व्हेरिएबलला '/ऑप्ट/टूल/शेअर/मॅन/मॅन१' ही किंमत दिली. आता ते पान तर उघडत नाहीच, शिवाय 'मॅन एलएस' म्हटले तरी पान नसल्याचा संदेश येतो. काय चुकले?

उत्तर : आपल्या एकाच ओळीत दोन निरनिराळे दोष आहेत आणि ते वेगवेगळे समजून घेतले पाहिजेत.

पहिला दोष डिरेक्टरीच्या पातळीचा आहे. या व्हेरिएबलमध्ये जी डिरेक्टरी द्यायची ती 'मॅन१', 'मॅन५', 'मॅन८' अशा विभागांना पोटात घेणारी वरची डिरेक्टरी असते. विभागाची डिरेक्टरी स्वतः नव्हे. 'मॅन' ही कमांड दिलेल्या जागेखाली 'मॅन१' शोधते. आपण 'मॅन१'च दिल्यामुळे ती तिच्या आत आणखी एक 'मॅन१' शोधत राहिली आणि तेथे अर्थातच काही नव्हते. किंमत '/ऑप्ट/टूल/शेअर/मॅन' येथेच थांबायला हवी होती.

दुसरा दोष अधिक त्रासदायक आहे, कारण त्याने चालू असलेली गोष्ट बंद पाडली. 'मॅनपाथ' व्हेरिएबलला साधी किंमत दिली की ती पाने शोधण्याच्या डिरेक्टरींच्या यादीत भर घालत नाही, तर संपूर्ण यादीची जागा घेते. '/यूएसआर/शेअर/मॅन' यादीतून गेले आणि त्याबरोबर 'एलएस'चे पानही गेले. मूळ यादी टिकवून आपली डिरेक्टरी जोडायची असेल, तर कोलनच्या शेजारी एक जागा रिकामी सोडावी लागते. किमतीच्या शेवटी कोलन ठेवल्यास आपली डिरेक्टरी आधी आणि मूळ यादी नंतर येते. सुरुवातीला कोलन ठेवल्यास मूळ यादी आधी येते. मध्ये लागोपाठ दोन कोलन दिल्यास मूळ यादी त्यांच्या मधोमध बसते. म्हणजे '/ऑप्ट/टूल/शेअर/मॅन:' असे लिहिले असते, शेवटच्या कोलनसह, तर दोन्ही पाने उघडली असती. एवढ्याशा चिन्हावर एवढे अवलंबून असावे हे फारसे सोयीचे नाही, पण नियम तसा आहे आणि तो मॅन पेजमध्ये नोंदलेलाही आहे. (जे पानच उघडत नाही त्यात उपाय लिहिलेला असणे, हा या विषयातला जुना विनोद आहे.)

हे सांगितल्यावर मी असेही सुचवेन की आपण ती ओळच काढून टाकावी. बहुतेक लिनक्स डिस्ट्रिब्युशनमध्ये 'मॅन-डीबी' हा संच वापरला जातो आणि तो शोधाची यादी मुख्यतः 'पाथ' या, प्रोग्रॅम कोणत्या डिरेक्टरींत शोधायचे हे सांगणाऱ्या व्हेरिएबलवरूनच तयार करतो. 'पाथ'मधील प्रत्येक डिरेक्टरीसाठी कॉन्फिगरेशनमध्ये स्वतंत्र नोंद नसेल, तर तिच्या शेजारी आणि तिच्या आत 'मॅन' किंवा 'शेअर/मॅन' आहे का हे तो स्वतः पाहतो. त्यामुळे '/ऑप्ट/टूल/बिन' जर 'पाथ'मध्ये असते, तर '/ऑप्ट/टूल/शेअर/मॅन' काहीही न करता सापडले असते. आपल्या बाबतीत अडथळा लिंकने निर्माण केला. प्रोग्रॅम '/यूएसआर/लोकल/बिन'मधून चालतो, म्हणून 'मॅन' त्याचे पान '/यूएसआर/लोकल'च्या आसपास शोधते; लिंक शेवटी कोठे पोहोचते याच्याशी तिला कर्तव्य नसते.

यावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे '/ऑप्ट/टूल/बिन' ही डिरेक्टरी 'पाथ'मध्ये घालणे. ते नको असेल तर प्रोग्रॅमप्रमाणेच त्याच्या पानाचीही लिंक '/यूएसआर/लोकल/शेअर/मॅन/मॅन१'मध्ये करावी. पाने अगदीच आडबाजूला, उदाहरणार्थ '/ऑप्ट/टूल/डॉक/मॅन' अशा ठिकाणी असतील, तेव्हाच कॉन्फिगरेशनकडे वळावे. तेथे 'मॅनपाथ_मॅप' हा निर्देश प्रोग्रॅमच्या डिरेक्टरीची पानांच्या डिरेक्टरीशी जोडी लावतो, तर 'मॅन्डेटरी_मॅनपाथ' हा 'पाथ' काहीही असला तरी ती डिरेक्टरी यादीत ठेवतो. ही फाइल डेबियन आणि उबुंटूमध्ये '/ईटीसी/मॅनपाथ.कॉन्फिग' या नावाने, तर फेडोरा आणि रेड हॅटच्या कुळात '/ईटीसी/मॅन_डीबी.कॉन्फ' या नावाने असते. एकट्यासाठी बदल करायचा असल्यास सिस्टिमच्या फाइलला हात न लावता आपल्या होम डिरेक्टरीत '.मॅनपाथ' नावाची फाइल करून तीत हेच निर्देश लिहावेत. पुढच्या अपग्रेडच्या वेळी सिस्टिमच्या फाइलची कोणती आवृत्ती ठेवायची हा प्रश्न मग उद्भवत नाही.

बदल केल्यावर अंदाज बांधत बसू नये. चालू टर्मिनलमध्ये 'अनसेट मॅनपाथ' करून 'मॅनपाथ' ही कमांड चालवावी, म्हणजे प्रत्यक्ष यादी दिसेल. व्हेरिएबलला किंमत दिलेली असताना हीच कमांड कॉन्फिगरेशनकडे दुर्लक्ष होत असल्याची सूचना देते. ती सूचना वाचली असती तर निम्मा उलगडा तेथेच झाला असता. एखाद्या पानाची नेमकी फाइल पाहायची असल्यास 'मॅन -डब्ल्यू' आणि पुढे पानाचे नाव असे लिहावे.

प्रश्न : एकाच प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्या माझ्याकडे आहेत. नवी आवृत्ती चालते, पण मॅन पेज जुन्या आवृत्तीचे उघडते.

उत्तर : 'मॅन -डब्ल्यूए' आणि प्रोग्रॅमचे नाव असे टाइप करा, जुळणाऱ्या सर्व फाइलींचे पत्ते मिळतील. नव्या आवृत्तीचे पान त्या यादीत नसेलच, तर ते बसवलेलेच नाही किंवा त्याची डिरेक्टरी शोधाबाहेर आहे. ते यादीत असूनही मागे पडत असेल, तर 'मॅनपाथ' व्हेरिएबल एखाद्या जुन्या फाइलमधून ठरावीक किंमत घेत आहे का ते तपासा. ते व्हेरिएबल नसेल तर पानांचा क्रम 'पाथ'च्या क्रमामागोमाग चालतो आणि प्रोग्रॅम व पान यांची फारकत सहसा होत नाही.

मात्र डिरेक्टरींच्या क्रमाआधी विभागांचा क्रम लागू होतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पहिल्या विभागातील पान यादीतल्या शेवटच्या डिरेक्टरीत असले तरी ते तिसऱ्या विभागातील पानाआधी उघडते. म्हणूनच 'मॅन प्रिंटएफ' केल्यावर सी भाषेतील फंक्शनऐवजी शेलच्या कमांडचे पान समोर येते आणि फंक्शनसाठी 'मॅन ३ प्रिंटएफ' असे विभागासह सांगावे लागते. युनिक्सच्या ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेच्या पहिल्या मॅन्युअलमध्येही पाने विभागवारच होती. आजची व्यवस्था तिचीच पुढची पायरी आहे.

प्रश्न : मी होम डिरेक्टरीतील '.लोकल/शेअर/मॅन'मध्ये ठेवलेले पान 'मॅन'ने उघडते, पण 'अप्रोपोस'ला (शब्दावरून पाने शोधणाऱ्या कमांडला) ते सापडत नाही.

उत्तर : 'मॅन' प्रत्यक्ष फाइली शोधू शकते, 'अप्रोपोस' आणि 'व्हॉटइज' (पानाचे एका ओळीचे वर्णन दाखवणारी) या कमांड मात्र आधी तयार केलेल्या सूचीवर विसंबतात. सामान्य वापरकर्ता म्हणून 'मॅनडीबी' ही कमांड एकदा चालवा, म्हणजे आपल्या डिरेक्टरीची सूची तयार होईल. त्यानंतरही पान सापडले नाही, तर पानाचा 'नेम' हा विभाग पाहा. त्यात प्रोग्रॅमचे नाव, मग आडवी रेघ आणि मग एका ओळीचे वर्णन अशीच मांडणी लागते. ती बिघडलेली असल्यास पान सूचीत येत नाही.

प्रश्न : कंटेनरमध्ये कोणतेही मॅन पेज उघडत नाही. शोधाचा मार्ग कसा दुरुस्त करावा?

उत्तर : बहुधा मार्ग ठीक असेल आणि पानेच नसतील. आकार कमी ठेवण्यासाठी कंटेनरच्या अनेक इमेजमधून ती वगळलेली असतात. आधी '/यूएसआर/शेअर/मॅन/मॅन१'मध्ये काही आहे का ते पाहावे.

प्रश्न : हेच नियम मॅकओएस आणि बीएसडीवर लागू होतात का?

उत्तर : रिकाम्या कोलनचा नियम फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या दोन्हींच्या सध्याच्या आवृत्त्यांत आहे; कॉन्फिगरेशन मात्र '/ईटीसी/मॅन.कॉन्फ'मध्ये असते आणि निर्देशांची नावे वेगळी असतात. फ्रीबीएसडीवर आपली भर '/यूएसआर/लोकल/ईटीसी/मॅन.डी'मध्ये स्वतंत्र फाइल करून घालता येते. मॅकओएसमध्ये '/ईटीसी/मॅनपाथ्स' ही फाइल आणि '/ईटीसी/मॅनपाथ्स.डी' ही डिरेक्टरी दिसते, पण त्या वाचणारी 'पाथ_हेल्पर' ही कमांड 'मॅनपाथ' व्हेरिएबल आधीपासून अस्तित्वात असेल तरच त्यात बदल करते. त्यामुळे तेथे नवी फाइल ठेवूनही काहीच घडले नाही, तर त्याचे कारण बहुधा हेच असते.