निकेल साठवणारी झाडे आणि बारावीनंतरची वाट

आदरणीय ताई, स. न. वि. वि.

इंदूरच्या रामबागेतून पाठविलेले आपले पत्र मिळाले. आपली कन्या बारावीला जीवशास्त्र घेऊन शिकत आहे, नीट परीक्षेची तयारी तिने मध्येच सोडली आहे, धातू साठवणाऱ्या वनस्पतींवर संशोधन करण्याचा तिचा हट्ट आहे आणि कान्ह नदीच्या काठची माती आणून तिने गच्चीवरच्या कुंडीत मोहरी पेरली आहे, असे आपण लिहिता. तिच्या बाबांचा प्रश्न आपण त्यांच्याच शब्दांत दिला आहे : ‘झाडातून धातू काढून कोणी पोट भरते का?’

त्यांच्या प्रश्नाला प्रथम उत्तर देतो. केवळ त्यावर उदरनिर्वाह व्हावा असा धंदा आपल्या देशात उभा राहिलेला नाही, आणि तो उभा राहील या भरवशावर मुलीने शिक्षण निवडू नये. मात्र तिने निवडलेला विषय पोरखेळही नाही. सामान्य झाडाच्या एक किलो वाळलेल्या पानांत निकेल बहुधा दहा मिलिग्रॅमपेक्षा कमी असते. ज्या झाडांत ते १००० मिलिग्रॅमच्या वर जाते, त्यांना हायपरअक्युम्युलेटर, म्हणजे अतिसंचयी वनस्पती म्हणतात. इटलीतील तस्कनी भागात अ‍ॅलिसम बर्टोलोनी या लहानशा झुडपाच्या पानांत टक्क्याच्या आसपास निकेल सापडल्याचे १९४८ साली प्रसिद्ध झाले, तर १९७६ साली न्यू कॅलेडोनिया बेटावरील एका वृक्षाचा निळसर-हिरवा चीक तपासला तेव्हा त्याच्या वाळलेल्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा निकेलचा निघाला. कोणता ना कोणता धातू असा साठवणाऱ्या जाती आज सातशेच्या आसपास ज्ञात असून त्यांतील बहुसंख्य निकेलच्याच आहेत. आपल्या आवळ्याच्याच फायलँथस या प्रजातीतील एक झुडूप मलेशियातील साबाह प्रांतात निकेलसाठी प्रायोगिक शेतात लावले गेले आहे, आणि अल्बानियातील प्रयोगांत अ‍ॅलिसमच्या जवळच्या एका जातीपासून हेक्टरी १०० किलोच्या आसपास निकेल मिळाले. पीक कापायचे, वाळवायचे, जाळायचे आणि राखेतून धातू वेगळा करायचा, अशी ही रीत आहे. तिचा शेवटचा टप्पा निव्वळ धातुशास्त्राचा आहे, हे बाबांच्या कानावर जरूर घालावे.

हे झाड विष पचवते कसे, हा खरा अभ्यासाचा विषय होय. मुळांनी घेतलेले निकेल सायट्रेटसारख्या सेंद्रिय आम्लांशी किंवा हिस्टिडिन या अमिनो आम्लाशी बांधले जाते, रसवाहिन्यांतून पानांपर्यंत चढते आणि तेथे बहुतांशी बाह्यत्वचेच्या पेशींतील रिक्तिकांमध्ये, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशव्यांमध्ये, कोंडले जाते, जेणेकरून प्रकाशसंश्लेषण चालणाऱ्या पेशींना त्याची झळ पोहोचत नाही. किडींनी पाने खाऊ नयेत म्हणून झाड हा साठा करत असावे, असे एक मत आहे. यातील प्रत्येक दुवा रसायनशास्त्राचा आहे, आणि म्हणूनच माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : कन्येने वनस्पतिशास्त्र अवश्य घ्यावे, पण रसायनशास्त्र सोडून कदापि घेऊ नये. झाडे ओळखता येतात पण पानातले निकेल मोजता येत नाही, अशा पदवीधराला या क्षेत्रात दुसऱ्याच्या आकड्यांवर विसंबून राहावे लागते.

ही झाडे मुख्यतः सर्पेंटाइनसारख्या, मॅग्नेशियम व निकेल अधिक असलेल्या खडकांवरील मातीत उगवतात. आपला माळवा मात्र बेसाल्टच्या काळ्या मातीचा असल्याने ती इंदूरच्या आसपास शोधत हिंडण्यात अर्थ नाही. आपल्या देशात अंदमानच्या सर्पेंटाइन मातीवर मात्र अशा वनस्पतींची नोंद झालेली आहे. तरीही इंदूरपाशी एक गोष्ट आहे, जी फार थोड्या शहरांपाशी असते. पानात धातू नेमका कोठे बसला आहे हे पाहण्यासाठी जगभर सिंक्रोट्रॉनचे, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने फिरवून प्रखर किरण देणाऱ्या यंत्राचे, क्ष-किरण वापरतात, आणि येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ हे तसेच यंत्र असून त्यावर क्ष-किरण प्रतिदीप्तीने, म्हणजे क्ष-किरण पडल्यावर मूलद्रव्ये जे किरण परत सोडतात त्यांवरून, सूक्ष्म नमुने तपासण्याची सोयही आहे. बारावीच्या मुलीला ते लगेच हाताळायला मिळणार नाही, हे उघड आहे, पण एम.एस्सी. किंवा पीएच.डी.च्या वेळी आपल्या मार्गदर्शकामार्फत तेथे काम करण्यासाठी अर्ज करता येतो, हे तिने आजच मनात नोंदवून ठेवावे.

आता प्रवेशाविषयी. आयसर भोपाळचा, म्हणजे तेथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेचा, प्रयत्न तिने करावा. तेथील प्रवेशपरीक्षेत गणितही असते, ते तिला नव्याने गिरवावे लागेल. ते न जमल्यास होळकर विज्ञान महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणे हा मला कमीपणाचा मार्ग वाटत नाही. इंदूरच्याच कृषी महाविद्यालयातून कृषी पदवी घेऊन पुढे मृदाशास्त्राकडे वळणे ही तिसरी वाट, आणि नोकरीच्या दृष्टीने कदाचित सर्वांत भक्कम. भोपाळची भारतीय मृदा विज्ञान संस्थाही या बाजूने जवळ येते.

पैशाबद्दल आपण संकोचाने विचारले आहे, पण संकोचाचे कारण नाही. नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती, मिळाल्यास २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ छात्रवृत्तीत ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. मात्र तेथवर पोहोचण्यास बारावीनंतर साधारणतः पाच वर्षे लागतात. संशोधनात मन रमले नाही, तर माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा, प्रदूषण नियंत्रण मंडळे आणि खाणींच्या पडीक जमिनी सुधारणारे सल्लागार यांना विश्लेषण जाणणारी माणसे लागतातच.

राहता राहिली गच्चीवरची मोहरी. मोहरी काही धातू बऱ्यापैकी शोषून घेते, म्हणूनच त्या कुंडीतील पाने कोणी भाजीत घालू नयेत आणि माती बागेत टाकू नये. बाजारातून निकेलचे क्षार आणून कुंडीत घालण्याचा तिचा विचार असेल, तर तो कृपया थांबवावा. ते कर्करोगकारक आहेत आणि त्वचेलाही अपाय करतात. त्याऐवजी त्याच जातीची मोहरी दुसऱ्या कुंडीत साध्या बागेच्या मातीत पेरावी, दोन्हींची पाने वेगवेगळी वाळवून त्यांवर तारीख लिहावी आणि धातूंची तपासणी करून देणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत दोन्ही नमुने एकाच वेळी द्यावेत. अहवाल आला की तो घेऊन तिला माझ्याकडे पाठवा. तिच्या बाबांनाही सोबत येऊ द्या.