विचारले की ‘नाही’ म्हणते, पण हात लावला की ओरडते

प्रश्न : माझी आई ८४ वर्षांची आहे. तिला सहा वर्षांपासून स्मृतिभ्रंश असून गेले दीड वर्ष ती वृद्धांच्या निवासी शुश्रूषा केंद्रात राहते. मुळात अतिशय शांत स्वभावाची. पण गेला महिनाभर सकाळी आंघोळीच्या वेळी ती ओरडते, सेविकेचे हात झिडकारते, एकदा तर तिने चावाही घेतला. ‘काही दुखतंय का?’ असे विचारले तर ‘नाही’ म्हणते. तिला शांत ठेवणारे औषध सुरू करावे, असे केंद्राने सुचवले आहे. आम्ही संमती द्यावी का?

उत्तर : संमती देण्याची घाई करू नका. आधी आईला कुठे दुखते आहे का, याचा शोध घ्यायला डॉक्टरांना सांगा. तुमच्या पत्रातले ‘आंघोळीच्या वेळी’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. एरवी शांत असणारी व्यक्ती नेमकी कपडे उतरवताना किंवा कूस बदलताना चिडत असेल, तर तिचा स्वभाव बिघडला असे मानण्याआधी तो हात, तो खांदा, ती पाठ तपासली पाहिजे.

‘नाही’ या उत्तरावर विसंबू नका. आजार वाढल्यावर कित्येकांना प्रश्नाचा अर्थच लागत नाही. काहींना दहा मिनिटांपूर्वीची कळ आठवत नाही. वेदना मात्र होत असते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा बोलून सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असे ठरत नाही, हे तिने स्पष्ट नमूद केले. म्हणून प्रश्न दुखण्याच्या क्षणीच विचारावा, त्या जागेवर अलगद हात ठेवून विचारावा आणि शब्द बदलून पाहावेत : ‘इथे दुखतं? ठणकतं? आग होते?’ उत्तरासाठी अर्धा मिनीट तरी थांबावे. आजार फार पुढे गेलेला नसेल, तर अशा विचारण्याला पुष्कळदा खरे उत्तर मिळते आणि त्यावर विश्वास ठेवावा.

उत्तर मिळाले नाही तर चेहरा वाचावा लागतो. उद्या सकाळी शक्य असेल तर स्वतः तिथे उभे राहा. बाहीतून डावा हात काढताना आणि उजवा हात काढताना आईच्या चेहऱ्यात काय फरक पडतो, तो पाहा. कपाळाला आठी पडते का, डोळे घट्ट मिटतात का, श्वास क्षणभर अडतो का, मूठ वळते का, आणि हात खाली आणताच हे सारे सैल पडते का? परिचारिकांसाठी अशा निरीक्षणाच्या मोजपट्ट्या आहेत. ‘पेनॅड’ या पट्टीत श्वास, तोंडाने निघणारे आवाज, चेहरा, देहबोली आणि समजूत घातल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन असे एकूण दहापैकी गुण देतात. नॉर्वेत तयार झालेल्या ‘मोबिड’ पट्टीत मुठी उघडणे, हात वर नेणे, गुडघे वाकवणे, कुशीवर वळणे आणि उठून बसणे या हालचाली हळूहळू करवून घेत वेदना पाहतात. मला हीच पद्धत अधिक पटते, कारण स्वस्थ पडलेल्या माणसाचे दुखणे बहुतेकदा लपून राहते. मात्र गुणांवरून दुखण्याचे कारण कळत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी अंगावरचे कपडे दूर करून तपासले पाहिजे : आखडलेला खांदा, झिजलेले गुडघे, मणक्याचे नकळत झालेले फ्रॅक्चर, माकडहाडावरची शय्याव्रणाची (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात, तुंबलेली लघवी, आतड्यात साचलेला मळ, मांसात रुतलेले नख. मी तपासलेल्या एका आजोबांनी जेवण जवळजवळ सोडले होते आणि भरवायला येणाऱ्याला ते ढकलून देत. कवळी काढून हिरडीवर टॉर्च मारला, तेव्हा तिथे नखाएवढी लालभडक जखम दिसली.

नॉर्वेतील शुश्रूषा केंद्रांत झालेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तुम्ही केंद्राच्या डॉक्टरांच्या कानावर घालू शकता. स्मृतिभ्रंशाबरोबर अस्वस्थ वागणे असलेल्या ३५२ रहिवाशांपैकी एका गटाला आठ आठवडे टप्प्याटप्प्याने वेदनाशामक उपचार दिले गेले. त्या गटाची अस्वस्थता नेहमीचे उपचार मिळालेल्या गटाच्या तुलनेत लक्षणीय कमी झाली. त्यांतील बहुतेकांना दिलेले औषध होते साधे पॅरासिटामॉल. याउलट, शांत ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मनोविकारविरोधी औषधांमुळे स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये दिला आहे. शिवाय असे औषध दिल्यावर आई ओरडायची थांबेल, पण खांद्याची कळ तशीच राहील आणि ती सांगण्याचा तिच्याकडे उरलेला एकमेव मार्गही बंद होईल. मला याचेच सर्वाधिक वाईट वाटते.

प्रत्येक चिडण्यामागे वेदनाच असते, असे माझे म्हणणे नाही. थंडी, संकोच, अनोळखी हातांची भीती हीही कारणे असतात. तपासणीत काही सापडले नाही आणि वेदनाशामकाचा काही दिवसांचा नीट नोंद ठेवलेला प्रयोगही निष्फळ ठरला, तर तो थांबवून पुढचा विचार करावा.

प्रश्न : स्मृतिभ्रंश असलेल्या माझ्या वडिलांच्या औषधांच्या कागदावर वेदनाशामक गोळीपुढे ‘गरज पडल्यास’ असे लिहिले आहे. तीन आठवड्यांत ती एकदाही दिलेली दिसत नाही. म्हणजे त्यांना दुखत नाही, असे समजावे का?

उत्तर : नाही. ‘गरज पडल्यास’ ही सूचना गोळी मागू शकणाऱ्या माणसासाठी असते. तुमचे वडील ती मागू शकत नाहीत. संधिवातासारखे रोजचे दुखणे असेल तर ठरलेल्या वेळी गोळी देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. सकाळचा डोस आंघोळीच्या किंवा व्यायामाच्या साधारण तासभर आधी दिला, तर त्याचा उपयोग नेमका हवा तेव्हा होतो. पॅरासिटामॉलची दिवसाची मात्रा अशक्त वृद्धांत सहसा ३ ग्रॅमच्या वर नेत नाहीत. वजन फार कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर ती आणखी कमी ठेवावी लागते. सर्दीच्या गोळ्यांतही हेच औषध असते, तेही हिशेबात धरावे. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून नेऊन देऊ नका. या वयात त्या जठर, मूत्रपिंड आणि हृदय या तिन्हींना अपाय करू शकतात.

प्रश्न : मी अशाच केंद्रात परिचारिका आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या आणि मांडीचे हाड मोडलेल्या एका आजींना मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक लिहून दिले आहे, पण त्या गुंगीत जातील या भीतीने आम्ही ते देताना कचरतो.

उत्तर : तुमची भीती समजण्यासारखी आहे, परंतु तिची किंमत आजी मोजत असतात. खुब्याच्या फ्रॅक्चरवरील २००० सालच्या एका अमेरिकी अभ्यासात, तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या रुग्णांना इतरांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच मॉर्फिन मिळाल्याचे दिसले होते. हाड मात्र दोघांचेही सारखेच मोडलेले होते. अल्प मात्रेने सुरुवात करून ती सावकाश वाढवणे हा डॉक्टरांचा भाग. प्रत्येक डोसनंतर श्वासाची गती, गुंगी आणि चेहरा यांची वेळेनिशी नोंद ठेवणे हा तुमचा. पहिल्या दिवसापासून रेचकही लिहून मागा, कारण मॉर्फिनने होणारी बद्धकोष्ठता हीच दुसरी वेदना ठरते. आणि कूस बदलायची असेल, तर डोसचा परिणाम सुरू झाल्यावर, दोन परिचारिकांनी मिळून, आधी आजींना सांगून बदला.