प्रोटीन फॅसिलिटी नव्याने हाती घेताय? आधी एवढं करा

इतर संशोधकांना प्रोटीन बनवून देणारी प्रयोगशाळा सांभाळायला घेतलीत, अभिनंदन! लगेच महागड्या मशिनांच्या मागे लागू नका. तुमच्याकडे काम घेऊन येणारी, माशी, कृमी, झेब्राफिशवर संशोधन करणारी मंडळी जनुकांत पक्की असतात, प्रोटीन म्हटलं की गडबडतात. त्यामुळे काम घेण्याआधी विचारा, प्रोटीन हवंय कशासाठी? अँटिबॉडी (ठरावीक प्रोटीन ओळखून त्याला चिकटणारा रेणू) बनवायला न विरघळता गाळात बसलेलंही चालून जातं. एन्झाइमच्या मोजणीला मात्र विरघळलेलं, नीट घडी पडलेलंच लागतं.

- आलेल्या प्लास्मिडचं (हव्या प्रोटीनचं जनुक घातलेल्या गोल डीएनएचं) सिक्वेन्सिंग करून क्रम तपासल्याशिवाय त्याला हात लावू नका.
- थेट लिटरभर कल्चर (प्लास्मिड घातलेल्या, प्रोटीन बनवणाऱ्या पेशींची वाढ) नको. आधी 5 मिली, एक 37 अंशांवर, एक 18 वर रात्रभर. पेशी फोडल्यावर गाळ आणि वरचा द्रव, दोन्ही जेलवर चालवा, म्हणजे प्रोटीनं आकारानुसार वेगळ्या पट्ट्यांत दिसतील. नवशिके फक्त द्रव चालवतात आणि ‘एक्स्प्रेशनच नाही’ (प्रोटीन बनलंच नाही) म्हणून मोकळे होतात. पट्टा गाळात बसलेला असतो!
- शुद्ध प्रोटीन छोट्या नळ्यांत वाटून उणे 80 ला. तीच नळी पुन्हा पुन्हा वितळवू नका.

अँटिबॉडी देताना ती त्या प्रोटीनचं जनुक नसलेल्या म्युटंटवर तपासायला सांगा. या मंडळींकडे असा म्युटंट बहुतेकदा तयार असतो, तरी टाळतात, का ते देव जाणे.

क्रायो-ईएमचं (गोठवलेल्या प्रोटीनची रचना दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं) नंतर बघू. पहिल्या जेलचा फोटो टाका.