'बेढब शांतता' का चालत नाही?

प्रश्न : गाइडात 'ऑक्वर्ड'चा अर्थ 'बेढब' दिला आहे. म्हणून 'ॲन ऑक्वर्ड सायलेन्स'चं भाषांतर मी 'बेढब शांतता' केलं, तर सरांनी ते खोडलं. मग खरा अर्थ कोणता? आणि लाज वाटली तर 'आय ॲम ऑक्वर्ड' म्हणायचं का?
– बारावीची विद्यार्थिनी, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : 'बेढब' चूक नाही, पण तो वस्तूला आणि हालचालीला शोभतो. मध्ययुगीन इंग्रजीत 'ऑक' म्हणजे उलटा, आडवा. तो नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून आला. पुढचा 'वर्ड' म्हणजे दिशा, 'बॅकवर्ड'मध्ये आहे तोच. तेव्हा भाषांतराआधी पाहावं, आडवं काय आलंय?

बाज दारातून काढताना वजन फार लागत नाही. पण पाय चौकटीला अडतात, तिरपी करावी लागते, धरावं कुठे ते कळत नाही. अशी वस्तू ऑक्वर्ड. सोयाबीनचं पोतं जड असलं तरी खांद्यावर नीट बसतं, ते नुसतं 'हेवी'. पहिल्यांदाच डवऱ्याचं रुमणं धरणाऱ्याचे हातही ऑक्वर्ड दिसतात. सारख्या वस्तू पाडणाऱ्या वेंधळ्याला मात्र 'क्लम्झी' जास्त नेमका.

वेळ आणि वय यांना आपला 'अडनिडा' हुबेहूब बसतो. ऐन कापूस वेचणीत लग्नाची तारीख निघाली, तर तो 'ॲन ऑक्वर्ड टाइम'. तेरा-चौदाचं वय 'ॲन ऑक्वर्ड एज'.

आता तुमची शांतता. मुलगी पाहायला मंडळी आली, कुणी जुन्या उधारीचा विषय काढला आणि सगळे चहाच्या कपात पाहू लागले. ही 'अवघडलेली शांतता'. 'अवघड जागेचं दुखणं' म्हणतो, त्यातलाच हा अवघड.

'आय ॲम ऑक्वर्ड' म्हटलं तर 'माझं वागणंच अवघडलेलं असतं' असा अर्थ होतो. त्या क्षणी कानकोंडं झालं असेल तर 'आय फील ऑक्वर्ड' म्हणा. चूक होऊन लाज वाटली तर 'आय ॲम एम्बॅरस्ड'. इथे 'एम्बॅरसिंग' म्हणू नका; त्याचा अर्थ 'माझ्यामुळे इतरांना लाज वाटते' असा होतो. इथे घोळ होऊ देऊ नका.

'ही इज बीइंग ऑक्वर्ड' हे ब्रिटिश वळण, म्हणजे तो मुद्दाम आडमुठेपणा करतोय.

स्पेलिंगमध्ये के-च्या दोन्ही बाजूंना डब्ल्यू येतो. त्यातला एकही विसरू नका. उच्चारात जोर 'ऑक'वर द्या. शेवटी 'वार्ड' नको, 'वर्ड' हलकाच.