सलूनमधून आल्यावर 'आय कट माय हेअर' म्हटलं तर चुकतं का? 'आय हॅड माय हेअर कट' का म्हणतात?

तुम्ही विचारलंय की केस कापून आलो हे इंग्लिशमध्ये सांगताना मध्येच ते 'हॅड' कुठून येतं, आणि 'हॅव' वापरायचं की 'गेट'. मी काही ग्रामरचा मास्तर नाही, मगरपट्ट्यात एका कंपनीत सपोर्टला आहे, पण रोज संध्याकाळपासून अमेरिकेतल्या लोकांशी फोनवर बोलणं असतं त्यामुळे हा साचा कानावरून इतक्यांदा गेलाय की आता झोपेतही सांगेन.

आधी आपलं बघा. आपण बिनधास्त म्हणतो गाडी धुतली, केस कापले, फ्लॅटला रंग दिला. कोणी केलं ते ऐकणाऱ्याला कळतंच, कारण आपल्याकडे घराला रंग द्यायला पेंटर येतो आणि गाडी सर्व्हिसिंगला टाकतात, स्वतः कोण करत बसतंय. शाळेत प्रयोजक क्रियापद शिकलोय सगळे, बसणे-बसवणे, करणे-करवणे, पण बोलताना अगदीच मुद्दाम सांगायचं असेल तर 'करून घेतलं' येतं, एरवी 'केलं' वर भागतं. इंग्लिशमध्ये 'करणे'चं 'करवणे' करायची अशी सरसकट सोय नाही. मग ते लोक काय करतात, तर आधी 'हॅव' नाहीतर 'गेट', मग ती वस्तू, आणि शेवटी क्रियापदाचा थर्ड फॉर्म. 'आय हॅड माय बाइक सर्व्हिस्ड.' 'शी गॉट हर ब्लाउज स्टिच्ड.' संपलं, एवढंच आहे ते.

आता 'आय कट माय हेअर' चूक का? तर खरं सांगू, तिकडचे लोकही सर्रास म्हणतात, आणि कोणी दचकत नाही, कारण स्वतःचे केस स्वतः कापणारे कमीच. तसंच बाजीरावाने शनिवारवाडा बांधला हे इंग्लिशमध्येही सरळ 'बिल्ट' म्हणूनच सांगतात, 1730 ला पाया घातला आणि 1732 ला वास्तुशांत झाली, मधली दोन वर्षं पहिले बाजीराव घमेली उचलत होते असं कोणालाही वाटत नाही. म्हणजे जिथे गैरसमज व्हायला जागाच नाही तिथे साधं क्रियापद चालून जातं.

घोळ होतो तो मधल्या कामांत. आमच्या टीममधल्या एकाने सोमवारच्या कॉलवर ऐटीत सांगितलं, 'आय पेंटेड माय फ्लॅट धिस वीकेंड.' पलीकडचा क्लायंट खूशच झाला, रोलर वापरलास का स्प्रे, प्रायमरचे किती हात दिलेस, सीलिंगला मान दुखली का, सुरूच. आणि हा आपला 'येस येस, रोलर' करत बसलेला, याने हात लावला होता तो फक्त पेंटरच्या चहाच्या कपांना. आता त्यात क्लायंटची काय चूक, तिकडे मजुरी महाग, भिंती रंगवणं, गाडीचं ऑइल बदलणं, कुंपण घालणं ही कामं बरीच माणसं सुट्टीच्या दिवशी स्वतःच करतात. 'आय हॅड माय फ्लॅट पेंटेड' म्हटलं असतं तर विषय दोन वाक्यांत संपला असता. म्हणून माझं सरळ म्हणणं, समोरच्याला 'अरे वा, हे याने स्वतः केलं?' असं वाटायची जराही शक्यता असेल तर हा साचा वापरा, नसेल तर फार जिवाला लावून घेऊ नका.

बरं, एक गोष्ट मात्र जिवाला लावून घ्या, ती म्हणजे शब्दांची जागा. 'आय हॅड माय बाइक रिपेअर्ड' म्हणजे मेकॅनिककडून करून घेतली. 'आय हॅड रिपेअर्ड माय बाइक' म्हणजे मी स्वतः दुरुस्त केली होती. शब्द तेच, फक्त 'माय बाइक' इकडची तिकडे गेली आणि अर्थ उलटा. आपल्या लोकांना तसंही 'होता-होती' म्हणून जिथे तिथे 'हॅड' लावायची सवय आहे ('आय हॅड गॉन टु लक्ष्मी रोड यस्टरडे' वगैरे), त्यामुळे ही अदलाबदल पटकन होते आणि कळतही नाही. आणि क्लासमध्ये नेमकं केसांचंच उदाहरण देतात ज्यात कट-कट-कट तिन्ही फॉर्म सारखे, मग पोराला कळणार कसं की शेवटी थर्ड फॉर्म हवा? त्यापेक्षा 'आय हॅड माय टूथ टेकन आउट' शिकवा की, 'टुक' नाही 'टेकन', एकदा बोललं की बसतंच.

'हॅव' की 'गेट'? अर्थ बहुतेक वेळा एकच. 'गेट' जास्त बोलण्यातलं, आणि कामासाठी थोडी खटपट करावी लागली असेल तर तेच जास्त शोभतं. मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात जाऊन कागदांची फाइल सांभाळत बसलात तर 'आय फायनली गॉट माय पासपोर्ट रिन्यूड', इथे 'हॅड' जरा साहेबी वाटतं. ऑफिसात एक लक्षात ठेवा, 'आय विल गेट इट डन बाय फ्रायडे' यात मी स्वतः करीन किंवा कोणाकडून करून घेईन, दोन्ही बसतं. मॅनेजर लोकांना हे वाक्य का आवडतं ते यावरून समजून घ्या.

वस्तूच्या जागी माणूस आला की मात्र साचा बदलतो. 'आय विल हॅव समवन कॉल यू बॅक', इथे 'कॉल' साधाच, ना 'टु' ना 'कॉल्ड'. पण 'गेट' घेतलं की 'टु' लागतो, 'आय विल गेट हिम टु कॉल यू.' आमच्याकडे नवीन आलेली मुलं 'हॅव हिम टु कॉल' म्हणतात, समोरच्याला समजतं पण खडा लागतोच. यात 'गेट'मध्ये समजावून, मस्का मारून तयार करणं आलं, 'हॅव'मध्ये नुसतं सांगितलं की काम होतं. लँडलॉर्डला गीझर बदलायला लावलात तर 'गॉट माय लँडलॉर्ड टु रिप्लेस द गीझर', आणि पुण्यात ते जमलं असेल तर 'गॉट'च शोभेल.

याच साच्यात कधीकधी काम आपण सांगितलेलंच नसतं. 'आय हॅड माय फोन स्टोलन अ‍ॅट स्वारगेट' म्हणजे फोन चोरीला गेला, चोराला सुपारी दिली नव्हती. हे ऐकलं की पहिल्यांदा हसू येतं पण इंग्लिशमध्ये ते अगदी नॉर्मल आहे. नुसतं 'माय फोन वॉज स्टोलन' म्हणालात तरी चालतं, नवीन शिकताय तर तेच म्हणा.

आणि प्रश्न विचारताना 'हॅड यू युअर हेअर कट' असं काही करू नका, इथे 'डिड' लागतो आणि मग 'हॅड'चं 'हॅव' होतं. 'डिड यू हॅव युअर आइज चेक्ड?' 'व्हेअर डिड यू गेट दॅट ब्लाउज स्टिच्ड?' हा दुसरा प्रश्न तुम्हाला लग्नाच्या सीझनमध्ये कोथरूडपासून कॅम्पापर्यंत कुठेही ऐकायला मिळेल, उत्तर मात्र कोणी खरं देत नाही.